लॅटिन नाम षष्ठीसकट शिकावे

आपण रोज ज्या 'बस'मध्ये चढतो ती भाषेच्या दृष्टीने नुसता एक विभक्तिप्रत्यय आहे. १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात कोणालाही भाडे देऊन बसता येईल अशी गाडी सुरू झाली आणि तिच्यामुळे 'ओम्निबुस' हे नाव रूढ झाले. 'ओम्नि' म्हणजे सर्व आणि 'बुस' हा लॅटिनचा चतुर्थी बहुवचनाचा प्रत्यय, मिळून 'सर्वांसाठी'. पुढे इंग्रजीने मूळ शब्द गाळला आणि प्रत्यय तेवढा ठेवला. संस्कृतात हेच 'सर्वेभ्यः' होते. 'भ्यः' आणि 'बुस' हे एकाच जुन्या प्रत्ययाचे दोन वंशज आहेत, आणि दोघांची एक खोडही सारखी आहे: चतुर्थी आणि पंचमी या दोन्ही विभक्तींचे बहुवचन ते एकाच रूपात सांगतात. लॅटिन शिकायला बसलेल्या मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही, हे सांगायला हा एक प्रत्यय पुरेसा आहे. तरीही लॅटिनच्या नामांपाशी येऊन बहुतेकांचा धीर सुटतो. तो का सुटतो आणि शब्द व विभक्ती शिकण्याच्या आजवरच्या रीतींपैकी काय टिकण्याजोगे आहे, हा या लेखाचा विषय आहे.

लॅटिन नामांचे पाच वर्ग, सहा विभक्ती, दोन वचने आणि तीन लिंगे. प्रत्येक वर्गाची बारा रूपे धरली तर साठ होतात. नपुंसकलिंगाचे वेगळे तक्ते आणि तिसऱ्या वर्गातले पोटभेद निराळेच. हा पसारा पाहून शिकणारा साहजिकच कामाचे दोन ढीग करतो. एकीकडे शब्दांची यादी, तीत प्रत्येक शब्दापुढे एक अर्थ. दुसरीकडे प्रत्ययांचे तक्ते, एका बैठकीत घोकायचे. माझ्या मते सगळी अडचण या वाटणीत आहे. लॅटिनमध्ये शब्द पाठ करणे आणि त्याचे रूप चालवणे ही दोन कामे नाहीतच. 'उस'ने संपणारी तीन साधी नामे घ्या: दोमिनुस (धनी), कोर्पुस (शरीर), मानुस (हात). प्रथमेत तिघे सख्खे भाऊ वाटतात. षष्ठीत मात्र ती दोमिनी, कोर्पोरिस आणि मानूस अशी फुटतात आणि अनुक्रमे दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वर्गात जाऊन बसतात. पहिले पुल्लिंगी, दुसरे नपुंसकलिंगी, तिसरे स्त्रीलिंगी. ज्याने यादीत 'मानुस म्हणजे हात' एवढेच लिहिले त्याने शब्द शिकलाच नाही, कारण वाक्यात भेटणारी त्याची बहुतेक रूपे तो ओळखू शकणार नाही. शब्दकोश प्रत्येक नामाची प्रथमा, षष्ठी आणि लिंग या तिन्ही गोष्टी देतो तो याच कारणासाठी. इसवी सन ५०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये शिकवणाऱ्या प्रिस्किआनुस या वैयाकरणाने पाच वर्ग पाडले तेही षष्ठी एकवचनाच्या शेवटावरूनच: आए, ई, इस, ऊस, एई.

मराठी बोलणाऱ्याला ही गोष्ट नव्याने समजावून सांगावी लागत नाही. 'माणूस'ला 'ला' जोडताना आपण 'माणूसला' म्हणत नाही, 'माणसाला' म्हणतो. ससा सशाचा होतो, पाणी पाण्यात मिसळते, भाऊ भावाकडे जातो, वीट विटेवर बसते. प्रथमेमागे लपलेले हे दुसरे अंग म्हणजे सामान्यरूप. ते कळल्याशिवाय शब्द वापरता येत नाही आणि नुसत्या प्रथमेवरून ते दर वेळी ओळखताही येत नाही. लॅटिनची षष्ठी हेच काम करते. रेक्स (राजा) या शब्दाची षष्ठी रेगिस. तिचा 'इस' काढला की उरलेल्या 'रेग्'वर पुढची सगळी रूपे उभी राहतात. होमो, होमिनिस, इतेर (प्रवास), इतिनेरिस, नोक्स (रात्र), नोक्तिस. शाळेत इंग्रजीतून लॅटिन शिकवणारी पुस्तके ही कल्पना समजावण्यात कितीतरी पाने घालवतात, कारण इंग्रजी नामाला असे दुसरे अंग राहिलेले नाही. ती पाने मराठी वाचकाने उलटून पुढे जावे.

षष्ठीला इतके महत्त्व देणे हा वैयाकरणांचा हट्ट आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या आणि लॅटिनमधून शब्द उसने घेणाऱ्या भाषांनी काय जपले ते पाहावे. आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्दच तपासा. टेंपररी नोकरीत 'तेम्पुस' (काळ) नाही, त्याच्या षष्ठीतले 'तेम्पोर्' आहे. कॉर्पोरेशनमध्ये 'कोर्पोरिस', जेनेरिक औषधात 'गेनेरिस', ऑपरेशनमध्ये 'ओपेरिस', क्रिमिनल खटल्यात 'क्रिमिनिस', डेंटल दवाखान्यात 'देन्तिस', कॅपिटलमध्ये 'कापितिस', मिलिटरीत 'मिलितिस'. प्रथमेची रूपे गेनुस, ओपुस, क्रिमेन, देन्स, कापुत, मिलेस ही आहेत. त्यांवरून हे शब्द सुचणेही कठीण. पोर्तुगीजांकडून आपण 'चावी' घेतली. त्यांचा 'शावि' लॅटिनच्या 'क्लावेम' या द्वितीयेतून आला, 'क्लाविस' या प्रथमेतून नव्हे. पाव असाच 'पानेम'मधून. म्हणजे शब्दाचे जे अंग इतिहासात टिकले ते प्रथमेबाहेरचे. म्हणूनच षष्ठीसकट शब्द पाठ करणाऱ्याच्या हाती एका कष्टात दोन गोष्टी लागतात: रूपावलीची किल्ली आणि आधीच माहीत असलेल्या डझनभर शब्दांशी जोडणारा दुवा. संस्कृत शिकलेल्याला आणखी एक दुवा मिळतो. गेनुस, गेनेरिस हे वैदिक 'जनस्, जनसः'चे भावंड आहे. दोन स्वरांमधल्या 'स'चा लॅटिनमध्ये 'र' झाला, एवढाच फरक. हा एक ध्वनिनियम कळला की कोर्पोरिस, तेम्पोरिस, ओपेरिस ही रूपे विचित्र वाटायची थांबतात.

आता रीतींकडे येऊ. चौथ्या शतकात रोममध्ये शिकवणाऱ्या दोनातुसपासून पुढे हजार-दीड हजार वर्षे युरोपातली मुले रूपावली घोकून लॅटिन शिकली आणि त्यातून मोठे पंडित निपजले. मग तक्त्यांच्या पाठांतराला नावे का ठेवायची? हा तक्त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. त्याचे उत्तर त्या शाळांच्या दिनक्रमात सापडते. जेझुइटांची १५९९ ची शिक्षणसंहिता पाहिली तर वरच्या वर्गांत लॅटिन हीच बोलण्याची भाषा असावी असा तिचा आग्रह दिसतो. मानुएल आल्व्हारिस यांचे १५७२ चे व्याकरण मुलाच्या हाती असे ते दिवसभर कानांवर पडणाऱ्या भाषेची जोड म्हणून. सकाळी घोकलेले रूप संध्याकाळपर्यंत वर्गात, प्रार्थनेत आणि वादविवादात पुन्हा पुन्हा भेटत असे. याच परंपरेत घडलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले आणि कोकणीचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले. त्यात कोकणीची नामे लॅटिन विभक्तींच्या साच्यात मांडलेली आहेत. लॅटिनचा तक्ता त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की अनोळखी भाषा पाहण्याची चौकटच तो झाला. एकोणिसाव्या शतकात बोलण्याचा भाग गळाला आणि नुसता तक्ता उरला. त्या उरलेल्या तुकड्याला आपण 'पारंपरिक पद्धत' म्हणतो. परंपरेचा निम्मा भाग घेऊन पूर्ण परंपरेचा पुरावा देणे न्यायाचे नाही.

उलट बाजूची परंपराही जुनी आहे. कोमेनिउस यांनी १६३१ च्या पुस्तकात सुमारे आठ हजार शब्द हजार वाक्यांत ओवले आणि १६५८ मध्ये चित्रांसह शब्द देणारे मुलांचे पुस्तक न्यूरेंबर्गला छापून आणले. वस्तू आणि वाक्य यांच्याविना शब्द टिकत नाही, हा त्यांचा आग्रह. विसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिजच्या पर्स शाळेत रौस यांनी वर्गात लॅटिनच बोलण्याचा प्रयोग केला. रौस कलकत्त्यात जन्मलेले आणि केंब्रिजला संस्कृतही शिकवणारे, त्यामुळे बोलीतून आणि पाठांतरातून चालणारे भाषाशिक्षण त्यांना दोन्हीकडून ठाऊक होते. डेन्मार्कचे हान्स अर्बर्ग यांनी १९५५ पासून घडवत आणलेले पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लॅटिनमध्येच आहे. त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे: षष्ठी दुसऱ्या प्रकरणात, द्वितीया तिसऱ्या, चतुर्थी सातव्या आणि तिसरा वर्ग नवव्या प्रकरणात, प्रत्येक विभक्ती आधी गोष्टीत दहावीस वेळा भेटते आणि मग प्रकरणाच्या शेवटी तक्त्यात येते. १९७० मध्ये निघालेल्या केंब्रिजच्या अभ्यासक्रमाने पाँपेईतल्या एका कुटुंबाच्या गोष्टी घेतल्या आणि विभक्ती आणखी सावकाश सोडल्या. त्यामागे एक निकड होती. १९६० मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांनी प्रवेशासाठी लॅटिनची अट काढून टाकली होती. आता मुलांना लॅटिनकडे ओढून आणावे लागणार होते.

नुसत्या वाचनाने विभक्ती आपोआप येतील, मूल तक्ते कुठे शिकते, असे या बाजूचे लोक म्हणतात. मला हे अर्धेच पटते. मुलाला हजारो तास मिळतात, प्रौढ वाचकाला आठवड्याला तीन-चार. शिवाय भाषा शिकणारा अर्थ लागला की रूपाकडे पाहायचे सोडतो. बिल व्हॅनपॅटन यांच्या संशोधनातून पुढे आलेली गोष्ट अशी की नवशिका वाक्यातल्या पहिल्या नामालाच कर्ता धरून चालतो. 'पुएरुम कानिस मोर्देत' या वाक्यात तो मुलाकडून कुत्र्याला चाववून मोकळा होईल. पण इथेही मराठी वाचकाची स्थिती वेगळी आहे. 'मुलाला कुत्रा चावतो' हा आपला रोजचा शब्दक्रम आहे. पहिले नाम कर्म असू शकते आणि ते प्रत्ययावरून कळते, याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. इंग्रजीच्या मध्यस्थीने लॅटिन शिकलो की ही सवय आपणच मोडून ठेवतो आणि मग तीच परत शिकत बसतो.

तक्ता मात्र वाचनाची जागा घेऊ शकत नाही, याचा पुरावा खुद्द तक्त्यातच आहे. पहिल्या वर्गातले 'पुएल्लाए' (पुएल्ला म्हणजे मुलगी) चार खणांत दिसते: षष्ठी एकवचन, चतुर्थी एकवचन, प्रथमा बहुवचन, संबोधन बहुवचन. 'पुएल्लाए रोसाम दात' म्हणजे कोणीतरी मुलीला गुलाब देतो. क्रियापद 'दान्त' झाले तर बहुधा मुली गुलाब देतात. पण कर्ते आधीच्या वाक्यात येऊन गेले असतील तर तेच लोक मुलीला गुलाब देतात. चार शक्यता तक्ता सांगतो, त्यांतली खरी कोणती ते निवडणे वाचनातच येते. मात्र चार शक्यता आहेत हेच ज्याला माहीत नाही, तो निवडणार काय? दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण प्रत्यक्षात दोघी एकाच कामाचे दोन टप्पे सांभाळत असतात.

तक्ता कसा मांडावा हाही लहान प्रश्न नाही. केनेडी यांच्या १८६६ च्या ब्रिटिश शालेय व्याकरणाने जुना क्रम बदलून प्रथमा, संबोधन, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी, पंचमी असा क्रम रूढ केला. त्याने सारखी रूपे शेजारी आली: नपुंसकलिंगात पहिली तीन एकच, बहुवचनात शेवटची दोन एकच. अमेरिकेत अजून षष्ठी दुसऱ्या स्थानी ठेवतात आणि हा फायदा घालवतात. संस्कृतचा पारंपरिक क्रमही सारख्यांना शेजारी बसवणारा आहे. द्विवचनात प्रथमा-द्वितीया, तृतीया-चतुर्थी-पंचमी आणि षष्ठी-सप्तमी असे तीनच गट पडतात. 'रामः रामौ रामाः' म्हणत वाढलेल्याला ही सोय अनुभवाने ठाऊक असते. त्यामुळे केनेडींचा क्रम मराठी विद्यार्थ्यासाठी निःसंशय चांगला. त्यातून दोन नियम आपोआप हाती येतात आणि साठ खणांचा भार बराच उतरतो. पहिला, नपुंसकलिंगी नामाची प्रथमा आणि द्वितीया नेहमी एकच आणि बहुवचन 'आ'ने संपणारे. प्रथमा-द्वितीया एकच असण्याची गोष्ट संस्कृतच्या 'फलम्, फलानि'मध्येही आहे. (डेटा आणि मीडिया ही अशीच नपुंसक बहुवचने आहेत.) मराठीतही 'मुलाला पाहिले' पण 'झाड पाहिले', निर्जीव कर्माला प्रत्यय लागत नाही. दुसरा, चतुर्थी आणि पंचमीचे बहुवचन पाचही वर्गांत एकच.

आपल्या सवयी प्रत्येक ठिकाणी मदत करतात असे मात्र मानू नये. लॅटिनच्या पंचमीत तीन जुन्या विभक्ती मिसळल्या आहेत: आपली पंचमी, तृतीया आणि बरीचशी सप्तमी. तलवारीने, शहरातून, शहरात हे सारे तिथे एकाच रूपाने, फार तर एखादे शब्दयोगी अव्यय पुढे लावून सांगितले जाते. 'रोमाए', 'दोमी' अशी मोजकी रूपे जुन्या सप्तमीची खूण म्हणून उरली. खरा खड्डा मराठीच्या 'ने'चा. 'रामाने आंबा खाल्ला' यातला कर्ता लॅटिनमध्ये प्रथमेतच राहतो. तो पंचमीत टाकला की वाक्य कोसळते. कर्मणी प्रयोगात 'आब' अव्ययासह पंचमी येते आणि साधन असेल तेव्हा नुसती पंचमी. मराठीतल्या एका 'ने'ची तिथे तीन घरे होतात. उलट 'त्याला दोन मुलगे आहेत' ही आपली रचना लॅटिनच्या 'एई दुओ फिलिई सुन्त'शी शब्दाला शब्द जुळते, जिथे इंग्रजीला 'हॅव्ह' वापरून वाक्य फिरवावे लागते. आणखी एक मर्यादा: मराठीचा 'ला' सगळ्या नामांना एकच, लॅटिनचा प्रत्यय वर्गागणिक वेगळा. त्या बाबतीत मराठीपेक्षा संस्कृतचा अनुभव अधिक उपयोगी पडतो.

शब्दसंख्येचा प्रश्न आकड्यांनी सोडवता येतो, पण काही अंशी. १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठात पॉल डीडरिक यांनी सुमारे दोन लाख शब्दांचे लॅटिन लेखन मोजून शब्द आणि प्रत्यय किती वेळा येतात ते काढले. अमेरिकेतल्या डिकिन्सन महाविद्यालयाने संकलित केलेल्या हजार शब्दांच्या यादीबद्दल असे सांगितले जाते की नेहमीच्या लॅटिन मजकुरातले सुमारे ७० टक्के शब्द त्या हजारांत बसतात. म्हणजे आरंभी या हजारांपलीकडे वेळ घालवणे व्यर्थ. पण जवळजवळ दर तिसरा शब्द तरीही अनोळखी राहणार, आणि तो ओळखायला मदत करणार ते प्रत्यय. हा शब्द कर्ता की कर्म, कोणाचा की कोणासाठी, एवढे रूपावरून कळले तरी अर्थाचा अंदाज बांधता येतो. पाठांतराविषयी एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा वेग मोजला तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध झाली आहे: एका रात्रीत शंभर वेळा वाचण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून आठवून पाहणे टिकते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांनी त्यात भर घातली की पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेणे आठवड्यानंतर अधिक शिल्लक ठेवते. म्हणून चिठ्ठीच्या एका बाजूला 'हात' आणि दुसऱ्या बाजूला 'मानुस देक्स्त्रा, मानूस देक्स्त्राए' (उजवा हात, उजव्या हाताचा) असे लिहावे. विशेषणामुळे लिंग आपोआप पक्के होते, जसे आपण मुलांना तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल असे शिकवतो. आणि ऱ्हस्व उ, दीर्घ ऊ यांतला फरक देवनागरी सहज दाखवते. लॅटिनच्या बऱ्याच छापील पुस्तकांत तो दिसतही नाही.

हे सगळे आज कोणासाठी, असे विचारले जाईल. महाराष्ट्रात दरवर्षी हजारो मुले शरीररचनाशास्त्र पाठ करतात. 'फ्लेक्सर डिजिटोरम' (बोटांचा), 'ॲबडक्टर पोलिसिस' (अंगठ्याचा), 'लॅटिसिमस डॉर्साय' (पाठीचा): स्नायूंच्या या नावांतला दुसरा शब्द षष्ठीत आहे, आणि 'पोल्लेक्स, पोल्लिकिस' हा तिसरा वर्ग ओळखणाऱ्याला ते नाव घोकावे लागत नाही. पिंपळाचे नाव फिकस रिलिजिओसा. शब्द 'उस'ने संपतो तरी विशेषण स्त्रीलिंगी, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावे बहुधा स्त्रीलिंगी. मिरीचे नाव पायपर नायग्रम, कारण 'पिपेर' नपुंसक. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे अपवाद म्हणून शिकवले जातात. खरे तर त्यात अपवाद काहीच नाही.

मग पहिल्या वर्षाचा क्रम काय असावा? आधी पहिला आणि दुसरा वर्ग, छोट्या परिच्छेदांतून, प्रत्येक नाम षष्ठी आणि विशेषणासह. चौथा आणि पाचवा वर्ग लहान आहेत, मानुस, दोमुस, रेस, दिएस असे शब्द येतील तसे घ्यावेत. उरलेला सगळा वेळ तिसऱ्या वर्गाला राखावा, कारण सर्वांत जास्त नामे तिथे आहेत आणि तिथेच प्रथमेवरून काही कळत नाही. पन्नासेक नामे षष्ठीसह वाचनात भेटली की विद्यार्थी स्वतः अडतो: रेक्सचे षष्ठी बहुवचन रेगुम, मग नोक्सचे नोक्तिउम का? ही अडचण त्याच्याकडून आली की तक्ता काढावा आणि नियम सांगावा: षष्ठीच्या 'इस'आधी दोन व्यंजने असली, तर 'उम'ऐवजी 'इउम'. नोक्त्-इस, म्हणून नोक्तिउम. उर्ब्-इस, म्हणून उर्बिउम. लगेच तो विचारील, मग पात्रिसचे पात्रिउम का होत नाही? पातेर, मातेर आणि फ्रातेर ही घरची माणसे या नियमाबाहेर राहिली आणि त्यांचे षष्ठी बहुवचन पात्रुम, मात्रुम, फ्रात्रुम असेच होते. संस्कृतात पितृ, मातृ आणि भ्रातृ यांनाही 'राम'च्या तक्त्यात जागा मिळत नाही, त्यांचा तक्ता वेगळा करावा लागतो.